भिडेपोटी 'हो' म्हणाले आणि सात तास वाकडी बसले

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): एका मैत्रिणीने लिहिलंय. सात तासांची फ्लाइट, तिची आइल सीट, मधल्या सीटवर एक खूप जाड गृहस्थ. बसता बसता त्यांनी विचारलं, मधलं आर्मरेस्ट वर ठेवलं तर चालेल का, आणि ही भिडेपोटी हो म्हणाली. मग सात तास अर्धं अंग पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के, ट्रॉली दोनदा कोपराला लागली आणि नंतर चार दिवस कंबर धरलेली. त्यांना किंवा क्रूला ती एका शब्दाने बोलली नाही. पण ते झोपल्यावर तिने पुरावा म्हणून मोबाइलवर त्यांचा फोटो काढला, उतरल्यावर एअरलाइनला तक्रार केली तिला तो जोडला, आणि घरच्या ग्रुपवर पण टाकला. धाकटी बहीण, जी स्वतः बरीच जाड आहे, ती ग्रुपमधून बाहेर पडली. आता दीड महिन्यावर दोघींचा एकत्र प्रवास ठरलाय आणि बहीण म्हणते मी तुझ्या शेजारी बसणार नाही. मैत्रीण विचारते, "ताई, मी अख्ख्या सीटचे पैसे भरले होते. त्यांना काही पडलेली नव्हती, मस्त झोपले. ज्यांना एक सीट पुरत नाही त्यांनी दोन घ्याव्यात हे म्हणणं एवढं चुकीचं आहे का? आणि मी नक्की करायला काय हवं होतं?"

सगळ्यात आधी, तुमची कंबर खरंच दुखली असणार. हे मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय, कारण या विषयावर बोलायला गेलं की लोक लगेच दोन गटांत जातात, एकतर "समजून घ्या हो त्यांना" नाहीतर "वजन कमी करा म्हणावं", आणि ज्याची पाठ आखडली त्याला कुणी विचारतच नाही. सात तास एका अंगावर वाकून बसणं हा त्रासच आहे. सीट तुमची होती, पैसे पूर्ण भरले होते, ती पूर्ण मिळाली नाही. इथपर्यंत मी तुमच्याच बाजूने आहे.

आता दुसरी गोष्ट. मी स्वतः चार-पाच वर्षं त्या गृहस्थांच्या जागेवर बसलेली आहे. एका आजारासाठी बराच काळ स्टेरॉइड घ्यावे लागले, वजन खूप वाढलं, आणि त्या काळात विमानात शिरताना डोक्यात एकच गोष्ट असायची, माझ्या शेजारी कोण येतंय आणि मला बघून त्याचा चेहरा कसा होतोय. हाताची घडी घालून, दंड अंगाशी आवळून बसायचं, पाणी प्यायचं टाळायचं कारण बाथरूमला जायला दोघांना उठवावं लागेल, आणि डोळे मिटून घ्यायचे. झोप लागायचीच असं नाही, डोळे मिटले की समोरच्याची नजर दिसत नाही म्हणून. त्यामुळे तुमच्या "त्यांना काही पडलेली नव्हती" या वाक्यापाशी मी थांबले. हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी तर बसतानाच विचारलं होतं. अनोळखी माणसाला "मला इथे जागा पुरत नाहीये" हे स्वतःच्या तोंडाने सांगायला किती जड जातं ते ज्याने सांगितलंय त्यालाच माहीत. आणि विचारलं याचा अर्थ तुमचं 'नाही' ऐकायची तयारी पण त्यांनी ठेवली असणार.

(मी 'जाड' असंच लिहितेय. 'लठ्ठ' हा शब्द शिवीसारखा फेकला जातो, आणि 'ओव्हरवेट' म्हटलं की कुणीतरी ठरवलेलं एक बरोबर वजन मधे येतं. उंच, बुटका, जाड, बारीक, एवढंच म्हणायचंय मला.)

आता इंचांचा हिशोब करू, कारण भांडण शेवटी इंचांचंच आहे. इकॉनॉमीत दोन आर्मरेस्टच्या मधली रुंदी साधारण १७ ते १८ इंच असते. बोइंग ७३७ मध्ये १७ च्या आसपास, एअरबस ए-३२० मध्ये १८ पर्यंत मिळते, कारण दोन्हींत एका ओळीला सहाच सीट असतात पण एअरबसची केबिन आतून थोडी रुंद आहे. आणि कितीतरी पुरुषांचे खांदे १८ इंचांहून रुंद असतात, त्यात अजिबात जाड नसलेले, व्यायाम करणारे, उंच असे सगळे आले. म्हणजे तीन धडधाकट माणसं एका ओळीत बसली तरी खांद्याला खांदा लागणारच. बरं हे विमानाच्या आकारामुळेच आहे असंही नाही. बोइंग ७८७ बनवताना इकॉनॉमीत एका ओळीला आठ सीट असा विचार होता, बहुतेक एअरलाइन्सनी नऊ बसवल्या, जपान एअरलाइन्सने मात्र आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठच ठेवल्या. ७७७ मध्ये आधी सर्रास नऊ असायच्या, आता बऱ्याच ठिकाणी दहा असतात. विमानाची रुंदी तेवढीच, वाढलेली सीट कुणाच्या तरी खांद्यातून आणि मांडीतून काढलेली. तुमच्या दोघांच्या मधे जे चार इंच कमी पडले ते तुम्ही दोघं विमानात चढायच्या कितीतरी आधी विकले गेले होते. तुमचा राग खरा आहे, तो चुकून शेजारच्या माणसावर जाऊन बसला कारण तो समोर दिसत होता आणि सीटचा नकाशा काढणारा माणूस दिसत नव्हता.

मग सरकारं काय करतात, असं कुणी विचारेल. अमेरिकेत २०१८ साली संसदेने कायदा करून तिथल्या विमान नियामकाला सीटची कमीत कमी मापं ठरवायला सांगितलं. २०२२ मध्ये त्यांनी लोकांची मतं मागवली आणि २६ हजारांहून जास्त लोकांनी लिहून पाठवलं. पण नियामकाचा प्रश्न सुरक्षेपुरताच होता, म्हणजे अपघात झाला तर या सीटमधून लोक वेळेत बाहेर पडू शकतील का. विमान ९० सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे असा नियम आहे ना, त्या संदर्भात. आणि त्यासाठी जी चाचणी घेतली होती तिच्यात भाग घेणारे सगळे साठीच्या आतले धडधाकट प्रौढ होते. जाड माणसं, म्हातारी माणसं, लहान मुलं प्रवास करतातच, पण मोजताना त्यांना धरलं नव्हतं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

"दोन सीट घ्याव्यात" याकडे येते. हे म्हणणं मला चुकीचं नाही वाटत, अर्धवट वाटतं. ज्याला परवडतं आणि ज्याला हे करता येतं हे माहीत आहे त्याने जरूर घ्यावी, मी पण घेतलीय. पण कधी करून बघा. बऱ्याच वेबसाइटवर एकाच नावाने दोन सीट घेताच येत नाहीत, फोन करावा लागतो, तिथल्या माणसालाही नीट माहीत नसतं, मग तो तिकिटात एक्स्ट्रा सीटचा कोड टाकतो, मग चेक-इनला कॉम्प्युटर त्या दोन सीट दोन वेगळ्या ओळींत टाकून देतो. एकदा माझ्या बाबतीत असं झालं की गेटवर माझा बोर्डिंग पास स्कॅन झाला, जास्तीच्या सीटचा झालाच नाही, सिस्टिमला वाटलं दुसरा प्रवासी आलाच नाही आणि ती सीट वेटिंगवरच्या एका मुलाला दिली गेली. तो येऊन बसला तेव्हा मी दोन सीटचे पैसे भरले होते. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ना, त्यात हेच होतं, हिने दोन घ्यायला काय हरकत होती. मी त्याला काही सांगितलं नाही. त्या गृहस्थांनीही दोन घेतल्या असतील असं मी म्हणत नाहीये, पण त्यांनी काय केलं होतं आणि काय नव्हतं हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही.

आणि दुसऱ्या सीटचे पैसे कुणी भरायचे याचं उत्तर सगळीकडे एकच नाही. कॅनडात जानेवारी २००८ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने एअर कॅनडा आणि वेस्टजेटला आदेश दिला की देशांतर्गत प्रवासात ज्यांना अपंगत्वामुळे जास्तीची सीट लागते, आणि यात वजनामुळे हालचालीला अपंगत्व आलेले लोकही धरले होते, त्यांच्याकडून त्या सीटचं वेगळं भाडं घ्यायचं नाही. एक माणूस, एक भाडं. कंपन्या याच्याविरुद्ध वर कोर्टात गेल्या, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला नकार दिला. अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्समध्ये बरीच वर्षं अशी सोय होती की जास्तीची सीट घ्या, प्रवासानंतर पैसे परत मागा. जानेवारी २०२६ पासून तिथे ठरलेल्या सीट सुरू झाल्या आणि त्याबरोबर पैसे परत मिळायच्या अटी कडक झाल्या. म्हणजे एकाच खंडात इकडे एक न्याय तिकडे दुसरा. "त्यांनी दोन घ्याव्यात" हे आपल्याला जगाचा नियम वाटतो, प्रत्यक्षात ते एका कंपनीच्या वेबसाइटवरचं धोरण असतं आणि ते उद्या बदलू शकतं.

वजन कमी करावं या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार नाही. थायरॉइड असतं, पीसीओएस असतं, औषधं असतात, काहींना लिपोएडिमा असतो ज्यात पायातली चरबी डाएटने हलत नाही, आणि काही जण नुसतेच जाड असतात. यातलं काहीही असलं तरी बोर्डिंग सुरू झाल्यावर ते बदलता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, करायला काय हवं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते तुमच्या बाबतीत अगदी खरं झालं. तुम्ही 'हो' म्हणालात यात काही चूक नाही, ते चांगुलपणाने म्हणालात. चूक एवढीच की तो 'हो' सात तासांसाठी दगडावर कोरलाय असं तुम्ही धरून चाललात. दहा मिनिटांनी कळलं ना की हे जमणार नाही, तेव्हा म्हणायचं, "मी आधी हो म्हणाले पण माझी पाठ धरतेय, आपल्या दोघांना जागा कमी पडतेय, मी क्रूला दुसरी सीट मिळते का विचारून येते, मिळाली तर तुम्हालाही मोकळं होईल." बास. यात कुणाचा अपमान नाही. उलट मी त्या बाजूला असताना कुणी असं बोललं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं, कारण शेजारचा माणूस कुढतोय हे आपल्याला कळत असतं, त्याच्या दंडातून कळतं, आणि ती शांतता सहन करणं बोलण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

क्रूशी बोलायचं ते शक्यतो उठून, मागे किंवा पुढे त्यांच्या पॅन्ट्रीपाशी जाऊन. त्या माणसाच्या डोक्यावरून मोठ्याने बोलायचं नाही. आणि वेळ महत्त्वाची आहे. विमानाचा दरवाजा बंद व्हायच्या आधी सांगितलं तर त्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं, रिकामी सीट कुठे आहे ते बघता येतं, ग्राउंड स्टाफला बोलावता येतं, अगदीच नाही तर तुम्हाला पुढच्या फ्लाइटने जायचंय का हे विचारता येतं. छोट्या विमानांत कधी कधी उड्डाणाआधी हलू देत नाहीत कारण वजनाचा तोल बघून सीट दिलेल्या असतात, तेव्हा नाराज न होता वर गेल्यावर परत विचारायचं. आणखी एक म्हणजे बऱ्याच एअरलाइन्समध्ये टेक-ऑफ आणि लँडिंगला आर्मरेस्ट खाली असायला लागतं, ते खाली येत नसेल तर तो प्रश्न तसाही क्रूचाच होतो, तुमच्या चांगुलपणाची परीक्षा राहत नाही. विमान पूर्ण भरलेलं असेल आणि काहीच होत नसेल तर निदान बेल्टची खूण विझली की आळीपाळीने उभं राहायचं, मागे फेरी मारायची, शेजाऱ्याला सांगून. दोघांनी मिळून काढलेले सात तास आणि एकीने दात आवळून काढलेले सात तास यात खूप फरक पडतो.

एक हद्द मात्र स्पष्ट सांगते कारण बरेच वाचक यात गोंधळतात. मधल्या सीटवाल्याला दोन्ही आर्मरेस्ट द्यावेत हा शिष्टाचार बहुतेक जण मानतात, मलाही तो पटतो, त्याला ना खिडकी ना पॅसेज. पण आर्मरेस्ट देणं म्हणजे कोपर टेकायला देणं, त्याच्या पलीकडची सीट देणं नाही. खांदा लागणं चालायचंच, पण तुम्हाला सरळ बसताच येत नसेल तर ते सांगायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे आणि त्यासाठी कुणी तुम्हाला निर्दय म्हणू नये.

फोटोबद्दल मी मऊ बोलणार नाही. झोपलेल्या माणसाचा, त्याला न विचारता, त्याच्या शरीराचा फोटो. तो तुम्ही काढायला नको होता आणि दहा लोकांना दाखवायला तर मुळीच नको होता. तुम्ही म्हणता पुरावा म्हणून काढला, पण तक्रारीला लागतं ते म्हणजे तारीख, फ्लाइट नंबर, सीट नंबर, तुम्ही क्रूला कधी सांगितलंत आणि ते काय म्हणाले. यातलं शेवटचं तुमच्याकडे नाही म्हणून तुमची तक्रार कमजोर आहे, हे खरं आहे आणि फोटोने ती मजबूत होत नाही. तरी परत लिहा. फोटो मागे घेते, तो काढून टाका असं कळवा, आणि साधं मागणं करा की मला सीट पूर्ण वापरता आली नाही त्याची काय भरपाई देता. सोबत हेही लिहा की शेजारच्या प्रवाशालाही तितकाच त्रास झाला. मोबाइलमधून फोटो डिलीट करा, ग्रुपवरूनही काढा, आणि ग्रुपवर दोन ओळी लिहा की मी हे टाकायला नको होतं. "कुणाला वाईट वाटलं असेल तर" असलं काही लिहू नका, वाईट कुणाला वाटलं ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या बहिणीने तो फोटो बघितला तेव्हा तिला तो माणूस दिसलाच नाही, तिला ती स्वतः दिसली, झोपलेली, आणि पलीकडून आपलीच ताई मोबाइल धरून. आजवर ती तुमच्या शेजारी बसून जितके प्रवास करून आली ते सगळे तिने त्या रात्री मनात परत काढले असतील, की तेव्हा पण ताईला असंच वाटत होतं का. म्हणून तिला "तुझ्याबद्दल नव्हतं ते" असं सांगू नका, ते तिला पटणार नाही. तिला विचारा की तू एकटी जातेस तेव्हा कसं होतं गं. आणि मग गप्प बसून ऐका. माझ्या घरच्यांनी मला हे कधीच विचारलं नाही, सगळे प्रेमाने मला डाएट सांगत राहिले.

ती यायला तयार झाली तर सीटचं काम तुम्ही अंगावर घ्या, आणि हे इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. तिला विंडो, तुम्ही तिच्या शेजारी, मधलं आर्मरेस्ट वर, तुम्ही बहिणी आहात, अनोळखी माणसाला विचारायची वेळच येत नाही. विंडोला कलायला जागा मिळते आणि उठून वाट द्यावी लागत नाही, पण अगदी शेवटच्या ओळी टाळा, तिथे विमान निमुळतं होत जातं. सगळ्यात पुढची भिंतीसमोरची ओळ आणि इमर्जन्सी एक्झिटची ओळ पाय पसरायला छान वाटते पण तिथे ट्रे बऱ्याचदा आर्मरेस्टमध्ये असतो, त्यामुळे ते उचलता येत नाही आणि सीट थोडी अरुंदच असते. शिवाय बेल्टला एक्स्टेंडर (बेल्ट लांब करणारा जोडपट्टा) लागत असेल तर एक्झिटच्या ओळीत सहसा बसू देत नाहीत. एक्स्टेंडर विमानात असतात, चढताना दारातच क्रूला हळूच सांगायचं, ते आणून देतात, बाहेरून विकत घेतलेला मात्र बऱ्याच एअरलाइन्स चालू देत नाहीत. आइलच्या बाजूचं आर्मरेस्ट पण बऱ्याच सीटवर उचलता येतं, खालच्या बाजूला बिजागरीपाशी एक छोटं बटण किंवा खटका असतो, हात फिरवला की लागतो, ते सगळ्यांना माहीत नसतं. आइलला बसणाऱ्या जाड माणसाला बसता-उठताना त्याने फार सोपं जातं. वेळेत बसत असेल तर एम्ब्रेअरची दोन-दोन सीटवाली विमानं बघा, मधली सीटच नाही. आणि एअरबस ए-२२० मध्ये एका बाजूला दोन-दोनच सीट असतात.

दोघींत मिळून तीन सीट परवडत असतील तर घ्या, पैसे अर्धे अर्धे. पण मग एअरलाइनला फोन करून तिन्ही सीट एकाच ओळीत आहेत हे बघून घ्या, आणि गेटवर तिन्ही बोर्डिंग पास स्कॅन झाले का ते तुम्ही उभं राहून बघा, तिला बघायला लावू नका. सीटचा विषय काढायच्या आधी फोटोबद्दल मात्र बोला. आज फोन करा, मेसेज नको.